स्फोटकांचा पोरखेळ

मुलांना आवाजाची ओढ असते. रिकाम्या डब्यावर काठी आपटणारे दोन वर्षांचे मूल आणि दिवाळीच्या पहाटे आळीतील पहिला फटाका आपलाच वाजावा म्हणून अंधारात उठून बसणारा शाळकरी मुलगा, दोघांनाही वेड एकच. आपल्या हातून काही मोठे घडावे आणि चारचौघांनी दचकून मागे वळून पाहावे, ही त्यामागील प्रेरणा होय. ती मुळात वाईट नाही. तथापि तेराव्या-चौदाव्या वर्षी बाजारातला फटाका पुरेसा वाटेनासा होतो. मग फुसके निघालेले फटाके गोळा करून त्यांतील दारू काढणे, वाजणाऱ्या फटाक्यावर डबा पालथा घालणे, कोठे तरी पाहिलेली कृती गच्चीवर करून पाहणे असे उद्योग सुरू होतात. ह्या उद्योगांकडे समाज दोन प्रकारे पाहतो. काही जण 'वयच तसे आहे' म्हणून हसून सोडून देतात. काही जण छडी उगारून विषय संपवतात. प्रस्तुत पुस्तिकेचे प्रतिपादन असे आहे, की हे दोन्ही मार्ग अपुरे आहेत, आणि त्यांच्या अपुरेपणाची किंमत मुलांचे डोळे व बोटे देत असतात.

२०२५ सालची दिवाळी

२०२५ सालच्या दिवाळीत मध्य प्रदेशात जे घडले, ते प्रत्येक पालकाने व शिक्षकाने लक्षात ठेवण्यासारखे आहे. प्लॅस्टिकच्या नळीची एक ओबडधोबड तोफ त्या वर्षी शे-दोनशे रुपयांस विकली जाऊ लागली. लोक तिला 'कार्बाइड गन' म्हणत. ती कशी उडवावी हे दाखवणाऱ्या चित्रफिती मोबाइलवर पसरल्या होत्याच. सणाच्या अवघ्या काही दिवसांत शंभराहून अधिक जण, बहुतांशी मुले, डोळ्यांना इजा होऊन भोपाळ, विदिशा आदी ठिकाणच्या रुग्णालयांत दाखल झाले. त्यांपैकी काहींची दृष्टी गेली.

ह्या तोफेत रहस्य असे काही नव्हते. कॅल्शियम कार्बाइडचा पाण्याशी संयोग झाला म्हणजे अॅसिटिलीन वायू निघतो. पूर्वी जत्रेतील दुकानांत आणि खाणकामगारांच्या टोपीवर जो दिवा जळत असे, तो ह्याच वायूचा. लोखंड कापणाऱ्या कारागिराची प्रखर ज्योतही त्याचीच. दिव्यात हा वायू थोडाथोडा निघतो व निघताच जळून जातो, म्हणून तो उपकारक ठरतो. कोंडलेल्या जागी हवेत मिसळून तो साचला, की त्याचा स्वभाव पालटतो. हवेत त्याचे प्रमाण शेकडा अडीच इतके अल्प असले तरी मिश्रण पेट घेऊ शकते, आणि शेकडा ऐंशी झाले तरीही घेऊ शकते. बहुतेक ज्वलनशील वायूंच्या बाबतीत ही मर्यादा पुष्कळच अरुंद असते. म्हणजे 'थोडेसेच तर आहे' हे अनुमान आणि 'फार झाले, आता पेटणार नाही' हे अनुमान, दोन्ही येथे फसवी ठरतात.

अशी तोफ वेळेवर उडाली नाही म्हणजे मूल काय करते? ते नळीत डोकावून पाहते. 'का झाले नाही?' हा प्रश्न शास्त्रज्ञाचाच आहे, परंतु येथे तो डोळ्याने विचारला जातो आणि उत्तरही डोळ्यालाच मिळते. शिवाय कार्बाइड व पाणी ह्यांच्या संयोगातून मागे उरतो तो चुना. आम्लाने डोळ्याच्या पृष्ठभागावरील प्रथिने गोठतात व काही अंशी तेच पुढच्या नाशाला अटकाव करतात. चुन्यासारखा अल्कधर्मी पदार्थ मात्र पेशींची आवरणे विरघळवीत आत आत शिरतो. म्हणूनच उष्णतेने भाजलेल्या पापण्या भरून येतात, पण आतील पारदर्शक पटल पांढरे पडून राहते. ज्यांनी ही खेळणी विकली आणि ज्यांनी ती उडवली, त्यांपैकी कितीकांना ही साधी रसायनशास्त्रीय गोष्ट ठाऊक होती, हा प्रश्न विचारावासा वाटतो.

क्षणाचा हिशेब

'वात पेटवून पळून जाईन' हे वाक्य अशा प्रत्येक खोडीच्या मुळाशी असते. ह्या वाक्याचा हिशेब करून पाहणे उद्बोधक आहे. काही अनपेक्षित दिसल्यापासून हात-पाय हलू लागेपर्यंत मनुष्याला सुमारे एक पंचमांश सेकंद लागतो. फुटलेल्या डब्याचा तुकडा सेकंदाला तीनशे मीटर वेगाने निघाला असे धरले, तर एक मीटर अंतरावरील चेहऱ्यापर्यंत पोहोचण्यास त्याला सेकंदाचा तीनशेवा भाग पुरतो. पाय हलण्याच्या आत तो साठ मीटर पलीकडे गेलेला असतो. येथे चपळाई, धीटपणा किंवा सावधपणा ह्यांचा काही उपयोग नाही. अंतर आणि आडोसा ह्या दोनच गोष्टी मनुष्याला वाचवू शकतात, आणि खोडी करणाऱ्याजवळ नेमक्या ह्याच दोन नसतात.

दुसरी गोष्ट कोंडण्याची. जी दारू उघड्यावर फुर्रकन जळून जाते, तीच बंद भांड्यात पेटली म्हणजे तिच्या वायूंना वाट मिळत नाही. दाब वाढतो, दाबामुळे ज्वलन अधिक वेगाने होते, आणि अखेरीस भांडे फुटते. ज्या भांड्याने आवाज मोठा व्हावा अशी अपेक्षा असते, त्याचेच तुकडे बंदुकीच्या गोळीचे काम करतात. फटाक्यावर डबा पालथा घालणाऱ्या मुलाला आपण केवळ आवाज वाढवीत आहो असे वाटते. वस्तुतः तो फटाक्याचे शस्त्र करीत असतो.

तिसरी गोष्ट अनिश्चिततेची. घरगुती मिश्रणात कोणता कण किती बारीक आहे, त्यात काय भेसळ आहे, ते किती दमट आहे, हे कोणालाच माहीत नसते. किंचित घर्षण, धातूच्या चमच्याचा टोला किंवा कृत्रिम धाग्याच्या कपड्यावरील विजेची ठिणगीसुद्धा पुरेशी होते. अशा वेळी 'दहा वेळा केले, काही झाले नाही' हा युक्तिवाद पुढे येतो. समजा, प्रत्येक खेपेस अपघाताचा संभव वीसांत एक आहे. तर दहा खेपांत निदान एक अपघात होण्याचा संभव शेकडा चाळीस येतो, आणि वीस खेपांत शेकडा चौसष्ट. दहा वेळा सुखरूप सुटलेला मुलगा कौशल्य संपादन करीत नसून केवळ सोडतीची चिठ्ठी पुनःपुन्हा उचलीत असतो. दुर्दैव असे, की प्रत्येक सुटकेबरोबर त्याचा आत्मविश्वास वाढत जातो आणि पुढच्या खेपेचे प्रमाणही.

जे लोक हा धंदा पिढ्यान्‌पिढ्या करीत आले, त्यांची वागणूक पाहावी. १८०२ साली अमेरिकेतील ब्रँडिवाइन नदीच्या काठी एल्यूथेर इरेने द्यू पाँ ह्याने बंदुकीच्या दारूचा कारखाना काढला. हा गृहस्थ फ्रान्समध्ये लाव्हाझियेच्या हाताखाली शिकलेला. त्याच्या गिरण्यांच्या तीन भिंती जाड दगडी असत, आणि नदीकडील बाजू व छप्पर मुद्दाम हलके ठेवलेले असे. स्फोट होणारच असे गृहीत धरून, तो झाला तर कोणत्या दिशेला जावा एवढेच त्याने ठरवून ठेवले होते. आजच्या कारखान्यांतही एका खोलीत मोजकीच माणसे व मोजकाच माल ठेवतात, दोन इमारतींमध्ये अंतर सोडतात आणि आगपेटी दाराबाहेर काढून घेतात. एवढी शिस्त पाळूनही २००४ साली श्रीहरिकोटा येथील अंतराळकेंद्रात घन इंधनाच्या कामात दुर्घटना होऊन सहा जणांना प्राण गमवावे लागले. धक्क्याने सहज पेटणाऱ्या एका जातीच्या मिश्रणाचे उत्पादन व ते जवळ बाळगणे ह्यांवर केंद्र सरकारने १९९२ सालीच बंदी घातली, कारण कसबी कामगारांच्या हातीसुद्धा ते सुरक्षित राहत नाही. जे त्यांना साधले नाही, ते गच्चीवर, स्वयंपाकघरातील भांड्यांत, अभ्यासाच्या सुट्टीत साधेल असे मानणे हा धीटपणा नव्हे, अज्ञान होय.

थोरांचे दाखले

ह्यावर चलाख विद्यार्थी एक आक्षेप घेतात. मोठमोठे शास्त्रज्ञही लहानपणी असेच स्फोट करीत, मग आम्हांसच मज्जाव का? आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तर इतिहासातूनच दिले पाहिजे.

१७८८ साली फ्रान्समधील एसोन येथे बेर्तोले ह्या नामांकित रसायनशास्त्रज्ञाने शोधलेल्या एका नव्या क्षारापासून बंदुकीची दारू करून पाहण्याचा प्रयोग झाला. लाव्हाझिये स्वतः तेथे हजर होता. स्फोट होऊन दोन माणसे जागीच ठार झाली. १८११ च्या सुमारास द्युलाँ ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने नायट्रोजन ट्रायक्लोराइड हा अत्यंत अस्थिर पदार्थ शोधून काढला, आणि त्यापायी एक डोळा व बोटे गमावली. पुढल्याच वर्षी, १८१२ साली, इंग्लंडात हंफ्री डेव्हीने तोच पदार्थ हाताळला. त्याच्याही डोळ्याला इजा झाली व लिहिण्याचे काम दुसऱ्याकडे द्यावे लागले. त्या कामी आलेला तरुण म्हणजे मायकेल फॅरडे. ही कथा पुष्कळदा 'अपघातातून सुयोग' म्हणून सांगितली जाते. परंतु तोच पदार्थ हाताळताना लवकरच फॅरडेलाही जखमा झाल्या, हे सांगावयाचे राहून जाते.

३ सप्टेंबर १८६४ रोजी स्टॉकहोममधील हेलेनबोर्ग येथे नोबेल कुटुंबाच्या प्रयोगशाळेत स्फोट झाला. मृतांत आल्फ्रेड नोबेलचा धाकटा भाऊ एमिल होता. त्याचे वय वीस. शहराच्या हद्दीत असे प्रयोग करण्यास मनाई झाल्यावर नोबेलने आपले काम सरोवरातील एका तराफ्यावर नेले. १८६७ साली त्याने ज्याचे एकस्व घेतले त्या डायनामाइटचे खरे वैशिष्ट्य अधिक मोठा स्फोट हे नव्हते. नको तेव्हा न होणारा स्फोट, हे होते. स्फोटकांच्या विद्येतील सर्वांत कीर्तिमान शोध हा आवरण्याचा शोध आहे.

विसाव्या शतकातील उदाहरण जॅक पार्सन्सचे. पोरवयात अंगणात दारूचे बाण उडवणारा हा मुलगा पुढे कॅलिफोर्नियातील सुप्रसिद्ध जेट प्रॉपल्शन प्रयोगशाळेच्या संस्थापकांपैकी एक झाला. घन इंधनाविषयी त्याच्याइतके जाणणारे त्या काळी फार थोडे होते. तो १९५२ साली पॅसाडिना येथे घरातल्या प्रयोगशाळेत झालेल्या स्फोटात मरण पावला, वयाच्या ३७ व्या वर्षी. ज्ञानाने त्याला कीर्ती दिली, पण घरच्या खोलीला कारखान्याची भिंत दिली नाही.

आणखी एक विचार महत्त्वाचा आहे. ज्या थोरांच्या बाललीला आपण वाचतो, ते वाचले म्हणून थोर झाले व त्यांनी आठवणी लिहिल्या. त्याच वयात, तितकीच तल्लख बुद्धी असून, ज्यांचा उजवा हात गेला, त्यांचे चरित्र कोणी लिहिले नाही. केवळ सुटलेल्यांची साक्ष घेऊन काढलेला निष्कर्ष शास्त्रीय ठरत नाही.

स्पुटनिकनंतरची अमेरिकन मुले

केवळ भीती दाखवून हा प्रश्न सुटत नाही, ह्याचा उत्तम पुरावा अमेरिकेत मिळतो. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाने स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह सोडला आणि अमेरिकेतील हजारो मुलांच्या डोक्यात अग्निबाणाचे वेड शिरले. तळघरांत व परसांत धातूच्या नळ्या ठासल्या जाऊ लागल्या, अपघात होऊ लागले, आणि वडीलधाऱ्यांसमोर तोच प्रश्न उभा राहिला: बंदी, की कौतुक?

ह्यातून तिसरा मार्ग दाखवणारे दोघे होते. नेब्रास्का राज्यातील नॉरफोक गावी ऑरव्हिल कार्लाइल नावाचे जोड्यांचे दुकानदार होते. त्यांना शोभेच्या दारूचा नाद होता. त्यांनी १९५४ साली आपल्या भावाच्या साहाय्याने कागद व हलके लाकूड ह्यांचा एक छोटा बाण तयार केला. त्याच सुमारास न्यू मेक्सिकोतील व्हाइट सँड्स ह्या चाचणीक्षेत्रात काम केलेले हॅरी स्टाइन अग्निबाणांच्या सुरक्षिततेवर लिहीत होते. १९५७ साली त्यांचा लेख कार्लाइल ह्यांनी वाचला व आपले बाण त्यांच्याकडे पाठवले. त्या वर्षीच हौशी मुलांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि तिने नियम घालून दिले. बाणाचे शरीर कागदाचे, लाकडाचे वा प्लॅस्टिकचे असावे, धातूचे नसावे. इंधनाची नळी कारखान्यातच भरलेली असावी, मुलांनी ती उघडू नये. बाण दुरून विजेच्या तारेने पेटवावा, छोट्या बाणालासुद्धा पंधरा फुटांचे अंतर राखावे. मैदान मोकळे असावे आणि उलटी गणती मोठ्याने करावी. पुढे कोलोरॅडोतील व्हर्न एस्टेस ह्यांनी अशा नळ्या यंत्राने भरण्याची सोय केली व त्या स्वस्त झाल्या.

ह्या व्यवस्थेचे मर्म श्रमविभागात आहे. बाणाचा आकार, त्याचा तोल, पंखांची मांडणी, उंचीचे गणित, छत्री उघडण्याची युक्ती, म्हणजे ज्यात बुद्धी लागते ते सर्व मुलांकडे राहिले. ज्यात केवळ धोका होता, ते ठासण्याचे काम मात्र त्यांच्या हातून काढून घेतले. मुलांना ह्यात आपला अपमान झाला असे वाटले नाही, कारण त्यांच्यासाठी खरे आव्हान शिल्लक ठेवले होते.

वेस्ट व्हर्जिनियातील कोलवुड ह्या खाणगावचा होमर हिकम ह्याच लाटेतील. त्याच्या पहिल्या बाणाने आईच्या बागेच्या कुंपणाचा निकाल लावला. पुढे त्याला व त्याच्या मित्रांना शाळेतील एक शिक्षिका आणि खाणीतील कारागीर भेटले. गावापासून दूर उजाड जागा मिळाली, आडोसा बांधला गेला, प्रत्येक उड्डाणाची नोंद ठेवली जाऊ लागली. १९६० साली राष्ट्रीय विज्ञान प्रदर्शनात त्यांच्या कामाला पारितोषिक मिळाले व हिकम पुढे अमेरिकेच्या अंतराळसंस्थेत अभियंता झाला. ह्या मुलांनी इंधन स्वतः बनवले ह्यात नशिबाचा भाग मोठा होता, आणि तेवढा भाग अनुकरणीय नाही. अनुकरणीय आहे ते त्यांच्याभोवती उभे राहिलेले वडीलधाऱ्यांचे साहाय्य.

खोडी आणि प्रयोग

खोडी आणि प्रयोग ह्यांतील भेद मुलांना स्पष्ट करून सांगितला पाहिजे. प्रयोग करणारा आधी अपेक्षा लिहून ठेवतो, काही तरी मोजतो, आणि चूक झाली तर कोणाला इजा होईल ह्याचा विचार करूनच हात पुढे करतो. खोडी करणाऱ्याला मोजावयाचे काहीच नसते. त्याला दुसऱ्याचे दचकणे हवे असते. म्हणजे दुसऱ्याला न विचारता त्याला धोक्यात ओढणे हा खोडीचा अपघाती दोष नसून तिचा गाभा आहे. कचराकुंडीत, टपालपेटीत, शाळेच्या स्वच्छतागृहात ठेवलेली वस्तू कोणाच्या हाताजवळ फुटेल हे ठेवणाऱ्याच्या स्वाधीन नसते. पहाटे आलेला सफाई कामगार, मोठ्यांच्या मागे लागलेला धाकटा भाऊ, झोपलेले कुत्रे, ह्यांपैकी कोणीही त्या धाडसाला संमती दिलेली नसते.

मित्रांचा मेळा हेही एक कारण आहे. अमेरिकेतील टेंपल विद्यापीठाच्या गार्डनर व स्टाइनबर्ग ह्या संशोधकांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मोटार चालवण्याच्या खेळात तेरा ते सोळा वर्षांच्या मुलांनी मित्र पाहत असताना एकट्याने खेळण्यापेक्षा अधिक धोका पत्करला. प्रौढांत असा फरक दिसला नाही. आज तर पाहणारे मित्र दोन-चार नसतात. मोबाइलच्या डोळ्यामागे अनोळखी हजारो असतात. चित्रफितीत स्फोट दिसतो, रुग्णालयातील महिने दिसत नाहीत.

कायदा आणि त्यापलीकडे

कायद्याची भूमिका संदिग्ध नाही. १८८४ च्या स्फोटक अधिनियमानुसार परवान्यावाचून स्फोटके बनवता येत नाहीत, आणि अठरा वर्षे पूर्ण न झालेल्या व्यक्तीला ती बनवणे, बाळगणे वा विकणे निषिद्ध आहे. १९०८ च्या स्फोटक पदार्थ अधिनियमात जीविताला धोका पोहोचवणाऱ्या स्फोटासाठी जन्मठेपेचीही शिक्षा सांगितली आहे. देशभर ह्या विषयावर देखरेख ठेवणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपुरास आहे. तथापि कायदा प्रायः स्फोटानंतर येतो. आधी येऊ शकतात ते घर आणि शाळा.

म्हणून शाळांकडे काही मागणे आहे. प्रयोगशाळेच्या दाराला वर्षभर कुलूप आणि रसायनशास्त्र केवळ फळ्यावर, अशी स्थिती असेल, तर जिज्ञासू मुलगा दुसरीकडे प्रयोगशाळा शोधणारच. शिक्षकांनी ज्वलन, दाब, ध्वनी हे विषय स्वतः, योग्य अंतरावरून, करून दाखवावेत. हवेच्या दाबावर उडणारा पाण्याचा बाण, वीज चमकणे व गडगडाट ह्यांतील सेकंद मोजून काढलेले अंतर, दोऱ्याने व कोनमापकाने मोजलेली पतंगाची उंची, ह्यांत दारूचा कणही लागत नाही आणि भौतिकशास्त्र मात्र पुरेपूर येते. ग्रंथालयांनी रसायनशास्त्राची पुस्तके कपाटात कोंडू नयेत. घातक आहे ते अर्धे ज्ञान, आणि त्यावर उतारा पूर्ण ज्ञानाचाच.

पालकांनी दारूच्या पुड्या किंवा विचित्र नळ्या सापडल्या तर आधी ओरडू नये, आणि स्वतः त्यांना हातही लावू नये. सर्वांना दूर करावे व ११२ ह्या क्रमांकावर कळवावे. ज्या घरात चूक कबूल केली की मार मिळतो, त्या घरातील मुलगा पुडी गादीखाली लपवतो, आणि लपवलेली पुडी उघड्या पुडीहून अधिक घातक असते.

अपघात झालाच, तर काही गोष्टी पाठ असाव्यात. डोळ्यात चुना, कार्बाइड वा कोणतेही रसायन गेले असता डोळा चोळू नये. स्वच्छ पाण्याच्या धारेखाली निदान पंधरा ते वीस मिनिटे तो धुवावा आणि लगेच रुग्णालय गाठावे. तूप, मध, गुलाबपाणी असले उपचार करू नयेत. डोळ्यात तुकडा रुतला असेल तर तो काढू नये, डोळा दाबू नये, वर वाटीसारखे आच्छादन ठेवावे. भाजलेला भाग वीस मिनिटे वाहत्या थंड पाण्याखाली धरावा, त्यावर बर्फ ठेवू नये. तुटलेले बोट स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून पिशवीत घालावे आणि ती पिशवी बर्फात ठेवावी. बर्फाचा बोटाला थेट स्पर्श होऊ देऊ नये.

आपल्या देशाला निर्भय मुले हवी आहेत, ह्यात शंका नाही. उद्याचे खाणतज्ज्ञ, अग्निबाणांचे अभियंते, रसायनांचे संशोधक त्यांतूनच निघणार आहेत. पण त्या सर्व विद्यांत पहिला धडा अंतर राखण्याचा असतो, आणि तो शिकण्यासाठी दोन्ही हात व दोन्ही डोळे शाबूत असावे लागतात. ते शाबूत ठेवणे ही एकट्या मुलाची जबाबदारी नाही. ज्यांनी त्याच्या हाती आगपेटी दिली पण उत्तरे दिली नाहीत, त्या मोठ्यांची ती अधिक आहे.